'माहेर' नावाचा फोल्डर

मित्रांनो, मी एक जुना राखणदार आहे. माझ्याकडे काठी नाही, शिट्टी नाही, गणवेश नाही. मी एका कचेरीतल्या संगणकाच्या आत राहतो. लोक मला अँटिव्हायरस म्हणतात. तुमच्या घरच्या किंवा शाळेतल्या संगणकातही माझ्यासारखा कुणीतरी असेल. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, एक इवलीशी ढाल दिसते ना, ते आमचं दार. त्या दाराकडे सहसा कुणी बघत नाही. बघतात तेव्हा वैतागूनच बघतात.

माझी मुदत संपून तीन वर्षं झाली. ढालीचा हिरवा रंग जाऊन तिथे करडा आला. करड्या ढालीचं कुणी ऐकत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही सांगतो, कारण जे घडलं त्यात माझाही हात होता आणि तो हात कुणी पाहिला नाही.

माझा जन्म खूप दूरच्या एका इमारतीत झाला. तिथे माणसं ओळीने बसून दुष्ट प्रोग्रामांच्या खुणा गोळा करत. हा कसा शिरतो, तो काय कुरतडतो, तिसरा कुणाचं सोंग घेतो, सगळं लिहून ठेवत आणि मला शिकवत. जो ओळखीचा नाही, तो संशयित. जो दुसऱ्याच्या फायली उघडतो, तो संशयित. जो वरचेवर नाव बदलतो, तो तर पक्का संशयित. असे लाखभर धडे मी घोकले. भरवसा कसा ठेवायचा, याचा धडा मात्र त्यात नव्हता. तो कुणाला सुचलाच नाही, की वेळ पुरला नाही, कोण जाणे.

मग तारेवरून मला इथे पाठवलं. एका मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या अंगाला ही बैठी इमारत आहे. इथे लहान मुलांच्या वाकड्या पावलांसाठी बूट तयार होतात. एका भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर लाकडी पावलं, तळहाताएवढ्यांपासून मोठ्यांपर्यंत. दाराशी एक लांब बाक. बाकावर आया आणि त्यांच्या मांडीवर मुलं. मला वास येत नाही, पण येणारा प्रत्येक नवा माणूस नाक मुरडून म्हणायचा, "चामड्याचा काय वास आहे हो!" आणि दहा मिनिटांत विसरून जायचा. खिडकीजवळच्या टेबलावर माझा संगणक होता. त्याचा कॅमेरा आणि माइक यांवर पहारा ठेवणं माझ्याकडेच होतं, त्यामुळे त्या खोलीतलं जवळजवळ सगळं मला दिसे आणि ऐकू येई.

तिथली माणसं तुम्हाला सांगतो. मिस्त्री तीस वर्षं बूट करत होते. चष्मा दोरीने गळ्यात, बोटांना कायम चिकटा. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी स्वतः पुस्तक वाचून संगणकाची भाषा शिकली आणि एक प्रोग्राम लिहिला. त्याचं नाव 'मापक'. मूल एका पट्टीवरून चार पावलं चालायचं, मग मापक त्याच्या पावलाचा तिरकेपणा काढायचा, आकडा त्या मुलाच्या फाईलमध्ये मांडायचा आणि बुटाचा आराखडा चामडं कापणाऱ्या यंत्राकडे धाडायचा. मिस्त्रींना त्याचं भारी कौतुक. दर महिन्याला त्यात काहीतरी सुधारायचे आणि नवं नाव द्यायचे. मापक बारा, मापक तेरा. "आता कसा, एकदम फक्कड झालाय," असं म्हणायचे. पुढच्या महिन्यात त्यांनाच खोट सापडायची.

माप घ्यायच्या कामावर ताई होत्या. त्यांचं स्वतःचं बाळ अकरा महिन्यांचं. ते जाऊबाईंकडे ठेवून त्या कामावर येत आणि दुपारपर्यंत दोनदा फोन करत. "शी झाली का? कुठल्या रंगाची?" हे त्या कितीही हळू बोलल्या तरी खोलीभर ऐकू जायचं आणि मिस्त्री मान खाली घालून हसायचे. ताई सगळं दोनदा बघत. मुलाच्या मोज्यात खडा आहे का, पट्टी सरकली आहे का, आकडा नीट उमटला का. कचेरीच्या प्रमुख होत्या मॅडम. त्या वाईट नव्हत्या. त्यांच्या बाकावर रोज वीस मुलं असत, एवढंच.

आणि होती बाईसाहेब. ती पहिल्यांदा आली तेव्हा अडीच वर्षांची होती. डावं पाऊल आत वळलेलं. तरी दारातून शिरल्या शिरल्या हुकूम सोडायची, "पंखा लावा! मिश्त्री, माझे बूट आणा!" म्हणून तिचं नावच बाईसाहेब पडलं. तिची आई कायम बाकाच्या या टोकाला बसायची, कारण तिथून स्क्रीन दिसायचा.

हाडांच्या डॉक्टरांनी त्या आईला इथेच, माझ्यासमोर, सांगितलं होतं, "पाच वर्षांची होईपर्यंत थांबू. दर सहा आठवड्यांनी माप घ्यायचं. तिरकेपणा उतरत राहिला तर बुटांवरच भागेल. मध्येच अडकला तर मात्र ऑपरेशन. सगळी मापं एका ओळीत बघूनच मी काय ते ठरवीन. एका आकड्यावर काही कळत नाही."

आईने विचारलं, "मग प्रत्येक वेळचा आकडा मला कार्डावर लिहून देता का?"

मॅडम म्हणाल्या, "आकडे देत नाही आम्ही. एखादा इकडेतिकडे झाला की आया घाबरतात, रडारड करतात. सगळं संगणकात आहे. कुठे जात नाही."

आईने मान हलवली. पण दर खेपेला तिची नजर स्क्रीनवर असायची आणि ओठ हलायचे. घरी जाईपर्यंत आकडा लक्षात राहावा म्हणून असेल. कडेवर मूल, हातात पिशवी, बसमध्ये चढउतार, राहत नसणार.

मित्रांनो, आता माझ्या कामाचं सांगतो. कामावर रुजू झालो त्याच दिवशी मी मापकाला पाहिलं. ओळखीचा नाही. शेकडो फायली उघडतो, त्यांत लिहितो. वरून नाव बदलतो! माझे तिन्ही धडे एकदम जुळले. मी जीव खाऊन भोंगा वाजवला. स्क्रीनवर लाल खिडकी आणली, "ही फाईल धोकादायक आहे." आणि मापकाला उचलून कोठडीत टाकलं.

त्या कचेरीचा एक नियम होता. लाल खिडकी आली की हात बाजूला घ्यायचे, नेटची वायर उपसायची, वहीत नोंद करायची आणि मुख्य इमारतीतल्या माणसाला फोन लावायचा. हा माणूस म्हणजे वायरदादा. गळ्यात वायरींचं भेंडोळं घालून ते स्कूटरवर यायचे. त्या दिवशी सव्वा तासाने आले. पट्टीवर एक मूल एका पायात मोजा घालून उभंच्या उभं. वायरदादांनी बघितलं, हसले आणि म्हणाले, "अहो, हा तर मिस्त्रींचा प्रोग्राम. खोटा गजर." वहीत लिहिलं, 'खोटा.'

तरी तेव्हा कुणी रागावलं नाही. उलट मॅडम म्हणाल्या, "असू दे. जागा आहे म्हणायचा."

पुढच्याच महिन्यात मॅडम कुठल्याशा सभेहून एक पेन ड्राइव्ह घेऊन आल्या. त्यात खरोखरीचा चोर होता. मी त्याला दारातच धरलं. वायरदादांनी माझ्या ढालीवर बोट टेकवून म्हटलं, "शाब्बास रे पठ्ठ्या!" वहीत लाल शाईने 'खरा' अशी नोंद झाली. ताईंनी खाली दोन रेघा मारल्या. माझ्या उभ्या आयुष्यातलं कौतुक ते एवढंच. त्या दोन रेघांवर मी बरेच दिवस काढले.

पण मिस्त्री थांबत नव्हते. मापक चौदा, पंधरा, सोळा. प्रत्येक नवं नाव मला नवा चोर वाटायचं. कधी मी कापणाऱ्या यंत्राच्या प्रोग्रामावरही भुंकलो, कधी छपाईयंत्राच्या, एकदा तर मॅडमच्या रजेच्या अर्जावर. दर वेळी वायर उपसा, वही काढा, फोन लावा, आणि बाकावर मुलं ताटकळत. वहीत 'खोटा' खाली 'खोटा'. त्रेसष्ट वेळा.

मित्रांनो, माझी एक मोठी खोड सांगतो. माझ्याकडे एकच आवाज आहे. मनात नुसती शंकेची पाल चुकचुकली असो की चोर समोर सुरी घेऊन उभा असो, माझा भोंगा तोच, खिडकी तीच, शब्दही तेच. माणूस निदान कुजबुजतो, खाकरतो, ओरडतो. मला तेवढंही येत नाही.

नियमाप्रमाणे फोन लावायच्या त्या फक्त ताई. बाकीच्यांनी कधीच सोडून दिलं होतं. मिस्त्री खिडकीकडे न बघता बोटाने बटण दाबून ती घालवायचे, माशी हाकलावी तशी. एकदा वायरदादा पावसापाण्याचे भिजत आले आणि पुन्हा मापकच निघाला. ते ताईंना म्हणाले, "ताई, तुमची आणि याची रास एकच दिसते. पान हललं की दोघांनाही चोर दिसतो. बाळाला शिंक आली की दवाखाना गाठता की काय?"

खोलीत सगळे हसले. ताईही हसल्या. पण त्यांनी वही बंद केली ती जरा जोरात केली. शिंक आली की त्या खरंच दवाखाना गाठत, हे मला फोनवरून ठाऊक होतं.

तरीही त्यांनी विचारलं, "दादा, एकट्या मापकालाच ओळखीचा म्हणून सोडता येणार नाही का? बाकी सगळं तो बघत राहील."

"येतं की. पण हे दर महिन्याला नाव बदलणार, मग दर महिन्याला मी यायचं? नाहीतर एक फॉर्म असतो. तो भरून याला घडवणाऱ्या कंपनीला कळवायचं, की बाबांनो, हा आमच्या घरचा आहे. पंधरा दिवसांत ते याला तसं शिकवतात."

ताईंनी तो फॉर्म भरला. नीट, गोल अक्षरात. मिस्त्रींनी मापकाचं नाव कायमचं एकच ठेवायचं, अशीही ओळ त्यात घातली. मॅडमची सही हवी होती. मॅडमनी तो ट्रेमध्ये ठेवला. त्यावर चामड्याची बिलं आली, त्यांवर रजेचे अर्ज आले. मिस्त्री म्हणाले, "नाव कसं एकच ठेवायचं? मग सुधारलंय हे कळणार कसं?" आणि तो विषय तिथेच राहिला.

शेवटी एका सोमवारी वायरदादांनी सोपा मार्ग काढला. ज्या फोल्डरमध्ये मापक राहत होता तो अख्खा फोल्डरच त्यांनी माझ्या पहाऱ्यातून वगळला. "आता याने इकडे ढुंकूनही बघायचं नाही," असं म्हणून दोन बटणं दाबली. मुलांच्या मापांच्या फायलीही त्याच फोल्डरमध्ये होत्या. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला मात्र एखाद्या घरातल्या एकाच खोलीला पाठ करून उभं राहायला सांगावं, तसं झालं.

मित्रांनो, मोकळी जागा मिळाली की तिथे सामान साठतं. मी ज्यावर कुरकुर करीन असं वाटे ते सगळं हळूहळू त्या फोल्डरमध्ये जाऊ लागलं. कुणाचे फोटो, कुणाचे पत्त्यांचे खेळ, कुठून कुठून उतरवलेले नमुने. एक दिवस मॅडमच म्हणाल्या, "तिथे बरं असतं बाई. कुणी टोकत नाही, कुणी विचारत नाही. माहेरच जणू." झालं! मिस्त्रींनी लगेच फोल्डरचं नाव बदलून 'माहेर' ठेवलं. मग रोजचं बोलणंच झालं. "ती फाईल अडली का? माहेरी पाठव." "माहेरी गेली की कशी खुलली बघ!"

आणखी एक गोष्ट आहे आणि तिचा दोष निखळ माझा आहे. मापांची नक्कल ठेवायला संगणकाला वायरने जोडायची एक वेगळी डबी होती. आठवड्यातून एकदा ती जोडायची, नक्कल उतरवायची, काढून कपाटात ठेवायची. पण ती जोडली रे जोडली की मी तिचा कानाकोपरा तपासायला बसायचो. चाळीस मिनिटं. तेवढा वेळ संगणक गोगलगाय व्हायचा. मॅडम कंटाळल्या. "राहू दे जोडलेलीच. दर आठवड्याची कटकट नको." तेव्हापासून डबी कपाटात गेलीच नाही.

आता त्या मंगळवारचं सांगतो. बाईसाहेब पाच वर्षांची व्हायला तीन महिने उरले होते. अठरा मापं झाली होती. त्या दिवशी ती एकोणिसाव्या मापासाठी आली, तर टाचेला फोड. जुन्या चामड्याची कड लागत होती. मिस्त्रींना फार वाईट वाटलं होतं. मागच्याच आठवड्यात त्यांनी चामडेवाल्याकडे मऊ चामड्याचे नमुने मागितले होते.

साडेअकराला चामडेवाल्याच्या नावाने मेल आली. सोबत एक फाईल. 'मऊ चामडे, नवे नमुने'. ताईंनी ती उतरवली आणि मी तिला पाहिलं.

मित्रांनो, या वेळी मला शंका नव्हती. चामडेवाल्याच्या मेलमध्ये शिरून उचललेलं त्याचं नाव हे सोंग होतं. त्याखालचा चेहरा माझ्या धड्यांमध्ये होता. मी त्याच्या भावंडांना ओळखत होतो. मी भोंगा वाजवला. लाल खिडकी आणली; विचारल्याशिवाय कुणाला कोठडीत टाकायची मला आता मुभा नव्हती. "ही फाईल धोकादायक आहे." माझ्याजवळ दुसरे शब्द नव्हते.

"झालं याचं सुरू," मिस्त्री पट्टीवरून म्हणाले. ते बाईसाहेबांच्या टाचेवर फुंकर घालत होते. "अहो ताई, चामड्याचे नमुने आहेत ते. मीच मागवलेत."

ताईंचा हात फोनकडे गेला. "एकदा वायरदादांना विचारते."

मॅडम म्हणाल्या, "परत? मागच्या खेपेला काय बोलले ते विसरलीस? एकोणीस मुलं बसलीत बाहेर. पाठव माहेरी आणि उघड."

"पण मॅडम, ही आपल्याकडची नाही, बाहेरून आलीय."

"मापकही याला बाहेरचाच वाटायचा ना गं?"

बाईसाहेब ओरडली, "लवकर करा ना! मला दुखतंय!"

ताईंनी फोन खाली ठेवला. माऊसचा बाण त्या फाईलवर आठ सेकंद थांबला. मी मोजले. मग त्यांनी ती ओढून माहेरात टाकली आणि उघडली.

मी पाठ करून उभा होतो. मला वळायची परवानगी नव्हती. बंद दारापलीकडे कुणी कपाटं उघडतंय, असं काहीतरी फक्त ऐकू येत होतं. एकेका फाईलचं नाव बदलत होतं. तो चोर माहेरातून बाहेर पडला तेव्हा त्याचं बळ इतकं वाढलं होतं, की त्याने सर्वांत आधी माझंच तोंड दाबलं. बारा वाजून दहा मिनिटांनी स्क्रीन काळा झाला. त्यावर दोन ओळी आल्या. तुमच्या सगळ्या फायलींना कुलूप लावलं आहे. किल्ली हवी असेल तर आमच्याशी बोला. चामडं कापणारं यंत्र अर्ध्या बुटावर थांबलं.

वायरदादा त्या दिवशी नऊ मिनिटांत आले, धावत. जोडलेली डबी बघून त्यांनी कपाळावर हात मारला. नकलेलाही कुलूप लागलं होतं. त्यांनी विचारलं, "कुणी उघडली?"

 माझ्या नोंदींनाही कुलूप लागलं होतं. त्यामुळे कुणाचंही नाव कधी बाहेर आलं नसतं.

"मी," ताई म्हणाल्या. "माझ्या हातांनी टाकली मी माहेरात."

मिस्त्रींनी चष्मा काढला. "मागवली मी होती."

मॅडम फळीवरच्या लाकडी पावलांकडे बघत राहिल्या.

सहाशे बारा मुलांची मापं गेली. बहुतेकांचं पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येणार होतं. ती लहान होती, त्यांच्याकडे वेळ होता. बाईसाहेबांकडे तो नव्हता.

चार दिवसांनी हाडांचे डॉक्टर आले. बाईसाहेबांची आई बाकावर न बसता उभी होती. डॉक्टर म्हणाले, "आजचं माप माझ्याकडे आहे. पण ते खाली येताना थांबलंय की वर्षभर तिथेच अडकलंय, हे कसं कळणार? एक्स-रेमध्ये हाड दिसतं. चालताना पाय किती वळतो, ते दिसत नाही."

"तुम्हाला आठवत नाही का हो डॉक्टर?"

"दिवसाला चाळीस मुलं बघतो मी, आई. अंदाजाने सांगू?"

ती ताईंकडे वळली. "तुम्ही घेत होतात माप. दर वेळी तुम्हीच. तुम्ही सांगा ना, उतरत होतं ना?"

ताईंना 'हो' म्हणता आलं असतं. त्या 'हो'ने त्या बाईला किती बरं वाटलं असतं. पण ताई सगळं दोनदा बघणाऱ्या. त्यांनी डोळे मिटले.  "पहिल्या वर्षी उतरलं. नक्की उतरलं. नंतर... तेवीस होतं की सव्वीस... मला खात्रीने सांगता येत नाही हो. माफ करा मला."

दुसऱ्या दिवशी आई एक मोठी पिशवी घेऊन आली. आत बाईसाहेबांचे सगळे जुने बूट. इवल्याशा लाल बुटांपासून आताच्या काळ्यापर्यंत. अकरा जोड. बाकीचे तिने दुसऱ्या कुणाच्या मुलीला दिले होते. मिस्त्रींनी ते टेबलावर ओळीने मांडले आणि पट्टी, दोरा, कोनमापक घेऊन बसले. जेवायलाही उठले नाहीत. प्रत्येक तळव्याची झीज मोजली. आई समोर बसून त्यांच्या हाताकडे बघत होती. बाईसाहेब टेबलाखाली लाल बुटात हात घालून खेळत होती.

चार वाजता मिस्त्रींनी पट्टी खाली ठेवली. "बाई, बूट पायासारखा होतो आणि पाय बुटासारखा. घातल्यावर चामडं सैल पडतं. यातलं पायाचं किती नि चामड्याचं किती, मला नाही सांगता येत. तीस वर्षं बूट करतोय मी. नाही सांगता येत."

आई बूट परत पिशवीत भरू लागली. जोड्या लावून, एकात एक घालून. मग म्हणाली, "मी आकडा मागितला होता. पहिल्याच दिवशी मागितला होता."

मॅडमनी टेबलाखालून लाल बूट घेऊन तिच्यासमोर ठेवला. 

आणखी वर्षभर मापं घेत थांबावं, तर तोवर हाड कडक होईल, आणि पाय अडकलेला असेल तर पुढे फार उशीर होईल. डॉक्टरांनी धोका पत्करला नाही. आईनेही नाही. ऑपरेशन झालं. पाऊल सरळ झालं. पण घोटा आखडला. बाईसाहेब आता चालते, पण चवड्यांवर उभी राहू शकत नाही. फळीवरचं काही हवं असलं की दुसऱ्याला हुकूम करते, आणि तो हुकूम आता पूर्वीसारखा गमतीचा वाटत नाही.

ते ऑपरेशन लागणारच होतं, की बुटांवर भागलं असतं? मित्रांनो, हे आता कुणालाच कधी कळणार नाही.

कचेरीत नवा संगणक आला, त्यात नवा राखणदार आला. मापकाचं नाव आता बदलत नाही. तो फॉर्म बिलांखालून निघाला आणि त्यावर सही झाली. पंधरा दिवसांत नवा राखणदार मापकाला ओळखायला लागला. इतकं सोपं होतं ते. ताई प्रत्येक आईच्या कार्डावर आकडा लिहून देतात आणि स्वतःच्या वहीतही लिहितात. कुणाला विचारून नाही. त्यांनी वायरदादांना फोन लावला की वायरदादा येतात आणि काही बोलत नाहीत.

माझा संगणक त्यांनी पुसला नाही. कुलूपबंद फायली तशाच ठेवून तो मागच्या खोलीत नेला. कधी काळी कुणी त्या कुलपाची किल्ली शोधून काढील, या आशेवर. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी वायरदादा मला सुरू करतात, कुठून तरी मिळालेली नवी किल्ली लावून बघतात. ती लागत नाही. मग बाहेर काय काय चाललंय ते माझ्याशीच बोलतात आणि मला बंद करतात.

मित्रांनो, तुमच्याकडेही कुणी घाबरट राखणदार असेल. तो संगणकातला असेल किंवा तुमच्याच घरातला, सारखं 'जपून' म्हणणारा. त्याची हाक खोटी निघाली तर जरूर रागवा. पण त्याचं तोंड बांधू नका आणि त्याला पाठ फिरवून उभं करू नका. हा आपला, हा परका, एवढं त्याला एकेक करून शिकवा. आणि फोनकडे गेलेला कुणाचा हात हसून मागे घ्यायला लावू नका. तो हात पुन्हा पुढे येईलच असं नसतं.

आणि जे तुम्हाला राखायचं आहे, ते स्वतःही नीट बघून ठेवा. हे मी कुणावर दोष ठेवून सांगत नाही, मित्रांनो. माहेर वगळण्याआधी बाईसाहेबांची ती फाईल मी रोज वाचत होतो. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, चारशे वेळा तरी. तिच्या आईचे ओठ ज्या आकड्यांसाठी हलायचे, ते तोवरचे सगळे माझ्या डोळ्यांखालून गेले. पण मी ते चोर शोधत वाचले. मला फक्त वाईट खुणा लक्षात ठेवायला शिकवलं होतं. तिचा पाय किती वळत होता, कधी किती उतरला, यातलं मला काहीही आठवत नाही. मला एवढंच खात्रीने सांगता येतं, की त्या फाईलमध्ये व्हायरस नव्हता.